काळी एकवाले कंट्रोलर साहेब

पालमच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या सावलीत, गेली एकवीस वर्षे माझे टेबल आहे. या अवधीत जितक्या माणसांचे म्हणणे मी कागदावर उतरवले, तितक्यांचे खुद्द कचेरीनेही ऐकून घेतले नसेल. शिक्षण म्हणाल तर दहावीच्या परीक्षेत गणित या एका विषयाने मला रोखले. भाषेने मात्र कधीच रोखले नाही. खेड्यांतून येणारे लोक मला वकीलसाहेब म्हणतात आणि त्यांना दुरुस्त करण्याचे सबळ कारण मला दिसत नाही. हे सांगण्याचा हेतू एवढाच की माणूस पारखण्यात सहसा माझी चूक होत नाही. ज्या एका गृहस्थांच्या बाबतीत ती झाली, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

सारा गाव त्यांना कंट्रोलर साहेब म्हणे. ते एस.टी.च्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या त्यांच्या काळातही उशिराच येत. परंतु गाडी उशिरा येणार असल्याचे ते अशा भरदार, गोलाईदार आवाजात सांगत की ऐकणाऱ्याचा निम्मा राग तिथेच विरघळे. मध्यंतरी स्थानकाचा कर्णा बिघडला होता. तो बिघडल्याचे प्रवाशांना आठवडाभर कळले नाही.

सेवानिवृत्तीनंतर ते स्थानकाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहत. पत्नी वारलेल्या, मुलगी लातूरला दिलेली. (अलीकडे ते तिच्याकडेच राहायला गेले, पालमला आता त्यांच्या आठवणी तेवढ्या आहेत.) तरुणपणी परभणीत एका वृद्ध कव्वालाच्या पायाशी ते सात वर्षे बसले होते, असे ते सांगत. त्या उस्तादांनी त्यांना गाणे फारसे शिकवले नाही, आवाज कसा लावायचा तेवढेच शिकवले. कंट्रोलर साहेबही तेच करीत. कोणी "गाणं शिकवा" म्हणत आला की ते त्याला दारातूनच परत धाडीत. "गाणं शिकवणारे लय हायत. मी गळा दुरुस्त करतो. बिघडलाय का तुमचा? न्हाई? मग बिघडवून या."

माझा बिघडला होता.

आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात अकरा वर्षे मी पुढच्या जागेवर बसून गायलो. आमच्याकडे गायकाची योग्यता तो कोणत्या पट्टीत गातो यावरून ठरते. सोयरिकीत जशी शेतीची चौकशी होते, तशी नव्या गायकाबद्दल पहिली चौकशी हीच: "कितीत गातो?" पेटीच्या काळ्या पट्ट्यांपैकी चौथी, म्हणजे काळी चार, ही माझी पट्टी सर्वश्रुत होती. तेवढ्या उंचीवर गाताना माझ्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या दिसत, असे लोक कौतुकाने सांगत. मग एका सप्ताहात पाचव्या दिवशी माझा आवाज बसला आणि सप्ताह उठला तरी तो उठला नाही. परभणीच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिले, स्वरतंतूंवर सूज आहे म्हणाले, आणि तीन आठवडे एक शब्दही बोलू नका असे बजावले. ज्याचा धंदाच पक्षकाराला उलटसुलट प्रश्न विचारण्याचा, त्याने तीन आठवडे पाटीवर प्रश्न लिहून अर्ज लिहिले. दरम्यान मंडळातील पुढची जागा बी-बियाण्यांच्या दुकानाच्या तरुण मालकाला देण्यात आली. तो काळी पाचला गातो.

कंट्रोलर साहेबांची आणि माझी ओळख तत्पूर्वीच झाली होती, आणि ती फारशी अभिमानास्पद नव्हती. ते रोज पहाटे रिकाम्या रांजणात तोंड घालून खालचा सा लावीत. रांजण आवाजातला दोष लपवत नाही, तोंडावर फेकतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या शेजारीणबाई एक दिवस माझ्या टेबलाशी आल्या. "वकीलसाहेब, ह्यो माणूस रोज पहाटं मडक्यात घुमायलाय. माझी म्हैस दूध चोरायली." धंद्याच्या कर्तव्यास अनुसरून मी पोलीस ठाण्यास उद्देशून अर्ज लिहिला. 'मृत्पात्रातून निघणारा भयावह ध्वनी' हा त्यातील शब्दप्रयोग मला आजही समाधान देतो. पुढे मी शिष्य झालो आणि त्या अर्जास उत्तर देण्याची वेळ आली, तेव्हा तेही अर्थात मीच लिहिले. ठाण्यातील जमादारांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, हस्ताक्षर पाहिले आणि विचारले, "वकीलसाहेब, तुमचं नेमकं म्हणणं काय?" प्रकरण तिथेच निकाली निघाले. कंट्रोलर साहेबांनी पहिला अर्ज मागून घेऊन वाचला. मी मान खाली घालून उभा होतो. ते म्हणाले, "लिहिलंय झकास. पण वाक्यं लांब हायत. वाचणाऱ्यानं दम कुठं घ्यायचा?"

शिकवणीच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझे गाणे ऐकण्यास साफ नकार दिला. पेटी पुढ्यात ओढली आणि म्हणाले, "मला इचारा, गंगाखेडची गाडी कवा हाय."

"गंगाखेडची गाडी केव्हा आहे?" मी विचारले.

"असं न्हाई. तुमी कचेरीत बोलायलाव. गाडी चुकंल म्हणून पळत आल्यावानी इचारा."

मी विचारले. एकदा, दोनदा, दहादा. प्रत्येक वेळी ते पेटीची एकेक पट्टी दाबून माझ्या आवाजाशी ताडून पाहत. शेवटी एका पट्टीवर बोट ठेवून थांबले. "ही. काळी एक. माणूस गडबडीत बोलतो तवा खोटं बोलत न्हाई. तुमचं घर हितं हाय, वकीलसाहेब. राहायला काळी एकवर आन् मिजास काळी चारची. गळा फुटंल न्हाई तर काय?"

मला हा अपमान वाटला, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. काळी एक म्हणजे आमच्या भागात गाणे सोडलेल्या माणसाची पट्टी. मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर ते म्हणाले, "उस्ताद म्हणायचे, मियाँ, ऊँचा वो नहीं जो चढता है, ऊँचा वो है जो गिरता नहीं." एवढे बोलून ते उठले आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने भरलेली एकेक वाटी ठेवली.

"आता श्वास घ्या."

दोन्ही वाट्या माझ्या सदऱ्यावर सांडल्या.

"बगा. तुमी खांद्यानं श्वास घ्यायलाव. खांद्यात काय फुप्फुस हाय का? पोट फुगलं पाहिजे, बरगड्या बाजूला गेल्या पाहिजेत, खांद्याला पत्ता लागला न्हाई पाहिजे."

पुढचा महिनाभर मी रोज ओल्या सदऱ्याने टेबलावर आलो. घरी हेच काम उताणे पडून करायचे होते. पोटावर काहीतरी वजनदार ठेवायचे आणि श्वासाने ते उचलायचे. माझ्याकडची सर्वांत वजनदार वस्तू म्हणजे महसूल कायद्याचे जाडजूड पुस्तक. ते माझ्या पोटावर वरखाली होताना पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "कायदा वाचून डोक्यात गेला न्हाई, आता पोटातून घालायलाव का?"

त्यांचे नियम लिहून काढले तर एक संहिता होईल. खाकरण्यास सक्त मनाई होती. मला प्रत्येक अर्ज वाचून दाखवण्यापूर्वी खाकरण्याची सवय. त्यामुळे मजकुराला वजन येते. ते म्हणत, "दार उघडं असताना लाथ कामून मारायची? पाणी प्या. घोटभर. फ्रिजचं न्हाई, माठाचं." सुपारी बंद, तिखट चिवडा बंद, क्रिकेटच्या सामन्यात ओरडणे बंद. सकाळचा पहिला चहा होईपर्यंत ते स्वतः कोणाशी बोलत नसत. त्या वेळात दूधवाल्याशी त्यांचा सगळा व्यवहार भुवयांवर चाले. एकदा दूधवाल्याने गंमत म्हणून आपणही भुवयांनीच उत्तर दिले, तेव्हा त्यांनी चहा होताच बाहेर येऊन त्याला सांगितले, "तुजा गळा चांगला हाय. जपून वापर."

आ लावायचा तो जांभईच्या जागेवरून. "जांभई कुठून येती? तिथं जागा लय मोठी हाय. स्वराला त्या खोलीत बसवा. तुमी त्याला दातांच्या ओसरीवर उभा केलाय." तोंडासमोर ते जुन्या तिकिटाची पट्टी धरीत. स्वर लावताना ती हलली तर श्वास वाया चालला, असे समजायचे. सुरुवातीस माझ्यासमोरची तिकिटाची पट्टी वादळातल्या पताकेसारखी फडफडे.

सर्वांत विचित्र प्रकार पपईच्या देठाचा. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरायचा, दुसरे टोक पाण्याच्या लोट्यात बुडवायचे, आणि गुणगुणत बुडबुडे काढायचे. सूज उतरलेल्या गळ्याला हे लेप लावल्यासारखे असते, असे ते सांगत. आणि अनुभवाअंती मी या विधानास दुजोरा देतो. हे दिवसातून चार वेळा करायचे असल्याने दोन वेळा टेबलावरच करावे लागे. एकदा पेठशिवणीकडच्या एक आजी वारसनोंदीसाठी आल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या.

"वकीलसाहेब, काय करायलाव?"

मी हाताने थांबा म्हणून खूण केली. बुडबुडे चालू होते.

आजी शेजारच्या मुद्रांकवाल्याला म्हणाल्या, "नंतर येते रे बाबा. साहेबाला दम लागलाय."

असे आठ महिने गेले. पहाटे पाच वाजता खालचा सा, एका श्वासात जितका टिकेल तितका, मग हळूहळू एकेक पायरी वर. कंट्रोलर साहेब कधीही "छान" म्हणाले नाहीत. पण सहाव्या महिन्यात एका पहाटे माझा सा असा लागला की रांजणाने तो परत दिला, भरलेला, काठोकाठ. कंट्रोलर साहेबांनी रांजणाच्या काठावरून एकदा हात फिरवला. मग ते म्हणाले, "म्हशीनं आज दूध दिलं असंल."

आवाज परत आला, हे निर्विवाद. प्रश्न जागेचा होता. मारुतीच्या देवळातल्या बैठकीत मी मंडळासमोर काळी एकमध्ये एक अभंग गाऊन दाखवला. अध्यक्षांनी, जे किराणा दुकानदार आहेत आणि सर्व काही तोलून बोलतात, डोके हलवले. "वकीलसाहेब, आवाज सुधारला, मान्य. पण जमिनीखालून यायलाय. मांडवात मागं बसलेल्याला काय ऐकू जाणार?"

बी-बियाणेवाला म्हणाला, "काका, राग मानू नका. ह्या पट्टीत लेकरू झोपंल, देव जागा होणार न्हाई."

सगळे हसले. मग अध्यक्षांनी निवाडा दिला. "तुमच्या गुरूलाच आणा. सप्ताहाच्या सहाव्या दिवशी दुपारचं भजन त्यांचं. त्यांच्या पट्टीत गाऊन दाखवू द्या. मांडव बसून राहिला तर पुढच्या साली पुढची जागा तुमची, पट्टी बी तुमची. मांडव उठला तर तुमी मागं टाळ धरायचा आन् पट्टीचं नाव काढायचं न्हाई."

मी हे कंट्रोलर साहेबांना सांगितले तेव्हा प्रथमच मला कळले की ते चार लोकांसमोर कधीही गायलेले नव्हते. त्यांनी दोन दिवस शिकवणी बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हाओ. जाऊ." मग पंधरा दिवस त्यांनी स्वतःच्या खांद्यांवर वाट्या ठेवल्या आणि पाणी सांडते का हे पाहण्यासाठी मला समोर बसवले. एक थेंब सांडला नाही.

सहाव्या दिवशी मांडव गच्च भरला. गाड्यांची वेळ सांगणारा आवाज अभंग गाणार, ही बातमीच तशी होती. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मागे बांबूंना टेकलेले म्हातारे, आणि पुढे मोबाइल उभे धरून बसलेली पोरे. पखवाजवाल्या मामांनी दोन पखवाज आणले होते. एक नेहमीचा, काळी चारच्या उंच पट्टीचा. दुसरा मोठ्या तोंडाचा जुना, खास काळी एकसाठी मिळवलेला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कंट्रोलर साहेब पुढच्या जागेवर बसले. मी मागे टाळ घेऊन.

पेटीवर बी-बियाणेवाला होता. त्याने अगदी नम्रपणे विचारले, "साहेब, खालच्याच पट्टीत ना? की वर झेपंल?"

कंट्रोलर साहेबांनी मान वर केली. एवढ्या चेहऱ्यांकडे पाहिले. आणि बोट केले ते उंच पखवाजाकडे.

मी मागून त्यांचा सदरा ओढला. "साहेब, काळी एक."

"गप बसा वो," ते मान न वळवता म्हणाले.

न्यायाने सांगायचे तर पहिल्या चार ओळी अशा गेल्या की अध्यक्षांच्या भुवया कपाळावर चढल्या. बायकांकडून "अगं बाई" असा आवाज आला. माझ्या मनात, लाज वाटते पण सांगतो, आले की माणूस काळी चारलाही गातो तर! मग कडवे वर चढले, त्यांचे खांदे वर गेले, मानेवर शिरा उमटल्या, आणि अगदी शेवटच्या पायरीवर आवाज कोवळ्या काडीसारखा मोडला.

क्षणभर फक्त पखवाज वाजत राहिला. मग तोही थांबला. पोरे खिदळली. मोबाइल अधिकच उंच झाले. मागचे दोन म्हातारे धोतर झटकत उठले, त्यांच्यामागून आणखी पाच-सहा. माझी पुढची जागा माझ्या डोळ्यांदेखत मांडवाबाहेर चालली होती. त्या अवस्थेतही सवयीने मी त्यांच्या बचावाचा मसुदा तयार करू लागलो. माइक खराब होता. धुरळा उडाला होता. वयोमान. प्रकृती अस्वास्थ्य. यांपैकी कोणतेही कारण सहज टिकले असते.

त्यांनी माइक जवळ ओढला.

"बसा, मंडळी. जाऊ नका. आवाज फुटला तो घशाच्या दोषानं न्हाई. माइक चांगला हाय. एवढी माणसं बगून मला मोठेपणा आठवला आन् माझी नसलेली पट्टी मी घेतली. चूक माझी हाय. हीच चूक करू नका म्हणून मी ह्या वकीलसाहेबांना आठ महिने छळलंय. आता बरोबर कसं असतं ते ऐका. मामा, तो मोठा घ्या."

उठलेले लोक उभेच राहिले. बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. मामांनी मोठ्या तोंडाचा पखवाज मांडीवर घेतला. बी-बियाणेवाल्याने काळी एक दाबली. कंट्रोलर साहेबांनी पोटभर श्वास घेतला आणि तोच अभंग पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केला.

वर्णन करणे माझ्या लेखणीस अवघड नाही, पण ते योग्य ठरणार नाही. एवढेच सांगतो की शब्द न् शब्द कळत होता. दुसऱ्या कडव्याला मागच्या बांबूंकडून एक घोगरा, अनोळखी आवाज आला. मग दुसरा. उभे राहिलेले म्हातारे गात होते. वर्षानुवर्षे आम्ही त्यांच्या आवाक्याबाहेर गात आलो होतो आणि ते बिचारे नुसत्या टाळ्या वाजवीत आले होते. त्या दिवशी पट्टी त्यांच्यापर्यंत उतरली होती. तिसऱ्या कडव्याला सारा मांडव त्या आवाजाखाली होता आणि एकेक करून सगळे बसले होते. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "वकीलसाहेब, पुढच्या साली हाच पखवाज आणा." बी-बियाणेवाल्याने पेटी हळूच बंद केली आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

त्या पोरांनी आवाज फुटल्याची चित्रफीत गावभर पाठवली, हे खरे. पण ती पाहणाऱ्याला पुढचे बोलणेही ऐकावेच लागे, कारण ते कापायचे कोणाला सुचले नाही.

एकवीस वर्षांत मी हजारो अर्ज लिहिले. त्यांत चूक तलाठ्याची असते, भावकीची असते, बांधाची असते, क्वचित देवाची असते. 'चूक माझी' हे दोन शब्द एकाही अर्जदाराने मला लिहायला सांगितलेले नाहीत, आणि मीही कोणाला सुचवलेले नाहीत. ते भर मांडवात, माइकवर, कोणी न विचारता बोलता येतात, हे मला त्या दुपारी समजले. माणूस पारखण्यात माझी चूक झाली असे वर म्हटले ते याचसाठी. मी त्यांना नुसता गळ्याचा मिस्त्री समजत होतो.

परत जाताना ऊन कलले होते. आम्ही चालत स्थानकापर्यंत आलो. तिथे ते एकदम म्हणाले, "तीस वर्षं लोकांनी माझा आवाज ऐकला, पण गाडीसाठी. आज वाटलं, एकदा तरी आवाजासाठी ऐकावं. म्हणून वर गेलो."

स्थानकाला वळसा घालून आम्ही मागच्या बाजूला गेलो. त्यांच्या दाराशी आल्यावर ते थांबले आणि सदऱ्याच्या बाहीने घाम पुसत, माझ्याकडे न पाहता, त्यांनी मला विचारले, "दुसऱ्या खेपेला कसं झालं?"

आठ महिन्यांत त्यांनी कधी माझे मत विचारले नव्हते. माझ्या ओठांवर भरपूर विशेषणे तयार होती. ती मी बाजूला सारली.

"तिसऱ्या कडव्यात दुसऱ्या ओळीला श्वास लवकर घेतला, साहेब. अर्धा शब्द तुटला."

ती ओळ त्यांनी मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली असावी, कारण त्यांचे पोट एकदा सावकाश फुगले आणि खांदे जागचे हलले नाहीत.

"व्हय," ते खुशीत म्हणाले. "तुटला खरा." आणि कुलूप काढून आत गेले.